नाशिकमध्ये विद्युतचुंबकी आणि संदेशवहन संशोधनाची प्रयोगशाळा उभारताना

आपल्याकडच्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत मायक्रोवेव्हची प्रयोगशाळा म्हटले की एक्स-बँडची (सुमारे ८ ते १२ गिगाहर्ट्झची) बेंच डोळ्यांसमोर येते: क्लायस्ट्रॉन किंवा गन ऑसिलेटर, आयसोलेटर, फ्रिक्वेन्सी मीटर, स्लॉटेड लाइन आणि शेवटी डिटेक्टर. ही बेंच टाकाऊ मुळीच नाही. स्थिर तरंगाचे शिखर आणि दरी प्रोब सरकवत शोधताना विद्यार्थ्याला जे उमगते, ते पडद्यावरच्या तयार आलेखातून उमगत नाही. म्हणून अध्यापनासाठी ती जपून ठेवावी. मात्र संशोधनाची प्रयोगशाळा म्हणजे अध्यापनाच्या प्रयोगशाळेची महागडी आवृत्ती नव्हे. अध्यापनात उत्तर आधीच ठाऊक असते आणि विद्यार्थी त्याच्या जवळपास पोहोचला की प्रयोग झाला असे आपण मानतो. संशोधनात उत्तर ठाऊक नसते, त्यामुळे हाती आलेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा हे उपकरण, केबल, जोडणी आणि खोली यांनाच सांगता आले पाहिजे. नाशिक परिसरातील महाविद्यालयांत किंवा विद्यापीठ विभागांत अशी प्रयोगशाळा नव्याने उभारणाऱ्या प्राध्यापकांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील मांडणी केली आहे.

आधी प्रश्न, मग उपकरण

खरेदीची यादी बहुधा दुसऱ्या संस्थेच्या यादीवरून तयार होते आणि तिथेच गाडी घसरते. यादीऐवजी आधी एक पान लिहावे: पुढच्या पाच वर्षांत आपण काय मोजणार आहोत, कोणत्या वारंवारतेवर, किती शक्तीच्या संकेतावर, आणि कमीत कमी किती फरक आपल्याला ओळखता आला पाहिजे. नाशिकमध्ये असे प्रश्न शोधायला फार लांब जावे लागत नाही. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस, नाशिक शहरातला मध्यम पाऊस आणि सिन्नरकडचा तुटपुंजा पाऊस हे तिन्ही एकाच जिल्ह्यात, थोड्या अंतरात सापडतात, आणि १० गिगाहर्ट्झच्या वर पावसाने संकेताचा होणारा क्षय अभ्यासायला ही रचना फार उपयोगी आहे. दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या द्राक्षबागांत मातीतला ओलावा मोजणे हाही विद्युतचुंबकी प्रश्नच आहे: पाण्याची सापेक्ष परावैद्युतता (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचे माप) सुमारे ८० असते आणि कोरड्या मातीची साधारण ३ ते ५, त्यामुळे ओल वाढली की तरंगाचा वेग आणि परावर्तन ठळकपणे बदलते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत स्विचगिअर आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे काम चालते, तिथून विद्युतचुंबकी व्यत्ययाचे प्रश्न आयते मिळतात. सिंहस्थाच्या काळात काही चौरस किलोमीटरमध्ये लाखो मोबाइल एकवटतात, तेव्हा वर्णपटाचा वापर कसा बदलतो हा वेगळाच विषय आहे.

यांपैकी सगळे करू नये. एक मुख्य आणि एक दुय्यम विषय निवडावा, कारण मातीची परावैद्युतता मोजणाऱ्या प्रयोगशाळेला लागणारे साहित्य आणि मिलिमीटर तरंगांच्या अँटेना मोजणाऱ्या प्रयोगशाळेला लागणारे साहित्य यांच्यात सामायिक भाग वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. पहिल्या प्रश्नाला ३ गिगाहर्ट्झपर्यंतचे साधे उपकरण आणि उत्तम प्रोब पुरतो. दुसऱ्याला उपकरणापेक्षाही केबल आणि जोडण्यांवर जास्त पैसा लागतो.

खोली आणि अर्थिंग

शक्य असेल तर तळमजल्यावरची, लिफ्टपासून, रोहित्रापासून आणि मोठ्या मोटारींपासून दूर असलेली खोली मागून घ्यावी. उपकरणांच्या तपशीलपत्रात दिलेली अचूकता साधारणतः २३ अंश सेल्सिअसच्या आसपास काही अंशांच्या मर्यादेतच लागू असते, म्हणून वातानुकूलन ही चैन नाही. पण वातानुकूलकाचा झोत थेट मोजणीच्या केबलवर येणार नाही याची काळजी टेबलाची जागा ठरवतानाच घ्यावी. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता वाढते तेव्हा डिह्युमिडिफायर लागतो. हिवाळ्यात आणि मार्चनंतर हवा इतकी कोरडी होते की स्थिर विद्युत ही खरी अडचण बनते. १ मेगाओहमचा रोध असलेला मनगटपट्टा आणि टेबलावरची अँटिस्टॅटिक चटई यांची किंमत एका जळालेल्या मिक्सरच्या (संकेताची वारंवारता बदलणाऱ्या भागाच्या) तुलनेत नगण्य आहे.

अर्थिंगबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण नाशिकची जमीन याबाबतीत फसवी आहे. वरची काळी माती ओली असताना विजेची चांगली वाहक असते. तीच उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडपासून ती सुटते. अनेक ठिकाणी थोडे खोदले की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, ज्याचा रोध खूप जास्त असतो. त्यामुळे कंत्राटदाराने जुलैत मोजून दाखवलेला अर्थ रोधाचा आकडा मान्य करू नये. मोजणी एप्रिल-मे महिन्यांत, तीन इलेक्ट्रोडच्या पद्धतीने, आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. आयएस ३०४३ या मानकात अर्थिंगची रीत दिलेली आहे आणि कामाच्या आदेशात तिचा उल्लेख असावा. आणखी एक गैरसमज पुष्कळ ठिकाणी आढळतो: प्रयोगशाळेसाठी इमारतीच्या अर्थिंगपासून पूर्णपणे तोडलेला ‘स्वच्छ’ अर्थ घ्यावा, असा. असे करू नये. वीज पडली किंवा फेजचा दोष झाला तर दोन अर्थिंगमध्ये धोकादायक विद्युतदाब निर्माण होतो. खड्डे वेगळे असले तरी ते एकमेकांना जोडलेलेच असले पाहिजेत.

ऑनलाइन प्रकारचा यूपीएस घ्यावा, आणि तो उपकरणांसाठीच राखून ठेवावा. वातानुकूलक, सोल्डरिंगची इस्त्री आणि व्हॅक्यूम क्लीनर वेगळ्या सर्किटवर असावेत. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात विजा पुष्कळ पडतात. गच्चीवरच्या अँटेनाची केबल खोलीत येते त्या जागी, भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, कोएक्सियल सर्ज अरेस्टर बसवावा आणि त्याचे अर्थिंग जाड व आखूड तारेने करावे.

नेटवर्क ॲनालायझर: वारंवारतेची मर्यादा कुठे ठेवावी

व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर हा या प्रयोगशाळेचा कणा आहे. अँटेनाचे परावर्तन, फिल्टरचा प्रतिसाद, ॲम्प्लिफायरचा लाभ, पदार्थाची परावैद्युतता, अगदी अँटेनाचा प्रारण आलेखसुद्धा (कोणत्या दिशेला किती प्रारण जाते तो) याच उपकरणाने मोजता येतो. म्हणून पैसा आखडता घ्यायचा झाला तर इतरत्र घ्यावा.

वारंवारतेची वरची मर्यादा ठरवताना बाजारात रूढ असलेले टप्पे पाहून निर्णय घेतला जातो, आणि त्यात एक खाच आहे. भारतात ५जी साठी लिलावात दिलेला २६ गिगाहर्ट्झचा पट्टा प्रत्यक्षात २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झ असा आहे. २६.५ गिगाहर्ट्झपर्यंतचा ॲनालायझर घेतला तर या पट्ट्याचा शेवटचा १ गिगाहर्ट्झ हातातून निसटतो, आणि त्या पट्ट्यातल्या अँटेनावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ऐन मोजणीच्या वेळी मुंबईची वाट धरावी लागते. उलट काम वाय-फाय, लोरा (कमी शक्तीत थोडी माहिती लांबवर पाठवणारी पद्धत) आणि ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झच्या ५जी पट्ट्यापुरतेच असेल तर ८ किंवा ९ गिगाहर्ट्झपर्यंतचे उपकरण पुरते आणि वाचलेल्या पैशांत दुसऱ्या दर्जाऐवजी पहिल्या दर्जाचा कॅलिब्रेशन संच (ज्ञात भागांवर मोजून चूक दुरुस्त करण्याचा संच) येतो. एक्स-बँडची जुनी वेव्हगाइडे वापरात ठेवायची असतील तर मर्यादा किमान १४ गिगाहर्ट्झ असावी, कारण त्या वेव्हगाइडचा पट्टा ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झ आहे.

चार पोर्टच्या उपकरणाचा आग्रह अनेकदा धरला जातो. एकाच पटलावर चार अँटेना असलेल्या मायमो (अनेक अँटेनांनी एकाच वेळी संदेश पाठवण्या-घेण्याच्या) रचनेतही दोन-दोन पोर्टच्या जोड्या मोजून, उरलेल्या पोर्टना ५० ओहमचे भार लावून पूर्ण माहिती मिळवता येते. वेळ जास्त लागतो एवढेच. सक्रिय, डिफरन्शियल सर्किटांवर काम असेल तरच चार पोर्ट घ्यावेत. टाइम डोमेनचा (परावर्तने पोहोचण्याच्या वेळेनुसार वेगळी दाखवण्याचा) पर्याय मात्र मूळ खरेदीतच घ्यावा. तो बहुधा स्वतंत्र परवान्याने मिळतो, नंतर विकत घ्यायला वेगळी मंजुरी लागते, आणि अँटेना मोजताना त्याचा केवढा उपयोग होतो हे पुढे येईलच.

विद्यार्थ्यांच्या सरावासाठी काही हजार रुपयांत मिळणारे नॅनोव्हीएनए हे छोटे नेटवर्क ॲनालायझर घ्यावेत. १ गिगाहर्ट्झच्या आत त्यांची मोजणी सरावाला पुरेशी प्रामाणिक असते, आणि मुख्य उपकरणाला हात लावण्याआधी शॉर्ट-ओपन-लोड-थ्रू कॅलिब्रेशनची सवय त्यावर लागते. महागड्या पोर्टवर शिकाऊ हात पडू न देण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

केबल, कनेक्टर आणि टॉर्क रेंच

प्रयोगशाळेची खरी पातळी ॲनालायझरच्या पडद्यावरून नव्हे, तर कनेक्टरच्या खणावरून कळते, असे माझे स्पष्ट मत आहे. खणात गंजलेले, एकमेकांवर टाकलेले, टोप्या हरवलेले कनेक्टर असतील तर भिंतीजवळचे कोट्यवधींचे उपकरण काय मोजत असेल याचा अंदाज बांधता येतो.

एसएमए कनेक्टर साधारणतः १८ गिगाहर्ट्झपर्यंत, ३.५ मिलिमीटरचा २६.५ गिगाहर्ट्झपर्यंत, २.९२ मिलिमीटरचा ४० गिगाहर्ट्झपर्यंत आणि २.४ मिलिमीटरचा ५० गिगाहर्ट्झपर्यंत वापरतात. पहिले तिन्ही एकमेकांत बसतात, आणि नेमका तोच धोका आहे: स्वस्त एसएमए कनेक्टरची मधली पिन किंचित लांब निघाली तर ती ३.५ किंवा २.९२ मिलिमीटरच्या नाजूक सॉकेटची बोटे पसरवून टाकते, आणि हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ॲनालायझरच्या पोर्टवर कायम एक पोर्ट-सेव्हर अडॅप्टर असावा आणि बाहेरून आलेला प्रत्येक कनेक्टर पिनची खोली मोजणाऱ्या गेजमधून गेल्याशिवाय पुढे जाऊ नये. २.४ मिलिमीटरचा कनेक्टर २.९२ मध्ये बसत नाही. जोर लावून बसवू पाहणारा विद्यार्थी दर वर्षी एखादा तरी निघतो.

जोडताना नट फिरवावा, कनेक्टरचे अंग फिरवू नये. पितळी एसएमएसाठी साधारण ०.५६ न्यूटन-मीटर आणि पोलादी ३.५ व २.९२ मिलिमीटरच्या जोडणीसाठी ०.९ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. त्यामुळे निदान दोन टॉर्क रेंच यादीत असलेच पाहिजेत. स्वच्छतेसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सुटणारे फडके आणि कोरडी दाबलेली हवा पुरते. या वस्तू उपभोग्य साहित्य म्हणून नोंदल्या जातात, दर वर्षी संपतात आणि दर वर्षी विसरल्या जातात. त्यांच्यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात वेगळे शीर्ष ठेवून घ्यावे.

केबलच्या बाबतीत ‘कमी क्षय’ हा शब्द पाहून समाधान मानू नये. २६.५ गिगाहर्ट्झवर तरंगलांबी जेमतेम ११ मिलिमीटर असते, त्यामुळे केबल वाकली की तरंगाच्या कलेत (फेजमध्ये) फरक पडतो, आणि कॅलिब्रेशननंतर केबल हलवली तर ते कॅलिब्रेशन काही अंशी वाया जाते. म्हणून ॲनालायझरसाठी कला-स्थिर चाचणी केबलची एकच उत्तम जोडी घ्यावी, ती गुंडाळून ठेवू नये, आणि दैनंदिन कामाच्या साध्या केबल वेगळ्या रंगाच्या ठेवाव्यात.

कॅलिब्रेशन संच यांत्रिक घ्यावा की इलेक्ट्रॉनिक? गर्दीच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक संच बरा, कारण जोडण्या कमी होतात आणि माणसागणिक फरक पडत नाही. तरीही एक यांत्रिक संच जवळ असावा. कॅलिब्रेशन झाल्यावर संचातलाच भार पुन्हा मोजून समाधान मानणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. संचाबाहेरचा, आधीपासून मोजून ठेवलेला एखादा ॲटेन्युएटर (संकेत ठरावीक प्रमाणात क्षीण करणारा भाग) आणि एक विजोड लाइन (५० ओहमची नसलेली, ज्ञात परावर्तन देणारी) यांच्यावर पडताळणी करावी.

स्पेक्ट्रम ॲनालायझर आणि सिग्नल जनरेटर

सिग्नल जनरेटर, पॉवर सेन्सर आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. पॉवर सेन्सर आधी घ्यावा. तोच इतर दोघांची पातळी तपासतो. स्पेक्ट्रम ॲनालायझरची गोंगाट-पातळी स्वतः काढून पाहावी: सामान्य तापमानाला औष्णिक गोंगाट दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) असतो, उपकरणाचा नॉइज फिगर (त्याची स्वतःची गोंगाटातली भर) २५ डेसिबल आणि रिझोल्यूशन बँडविड्थ १ किलोहर्ट्झ असेल तर पडद्यावरचा तळ उणे ११९ डीबीएमच्या आसपास येतो. आपला संकेत याखाली असेल तर प्रीॲम्प्लिफायरचा पर्याय घ्यावाच लागतो. दुसरे टोकही विसरू नये. अनेक ॲनालायझरच्या इनपुटची कमाल मर्यादा ३० डीबीएम, म्हणजे १ वॅट असते. ५ वॅटचा हातातला वॉकीटॉकी थेट जोडला तर ३७ डीबीएम आत जातात आणि उपकरण दुरुस्तीला जाते. ३० डेसिबलचा, पुरेशा वॅटचा ॲटेन्युएटर आणि डीसी ब्लॉक उपकरणाशेजारी दोरीने बांधून ठेवला तरी चालेल.

अँटेना कुठे मोजायची

ॲनेकोइक चेंबरचा (भिंतींवरून परावर्तन होऊ न देणाऱ्या कक्षाचा) विचार आला की खर्च एकदम वाढतो, म्हणून आधी अंतराचे गणित करावे. दूरक्षेत्रासाठी (जिथे तरंग सपाट मानता येतो त्या क्षेत्रासाठी) लागणारे अंतर म्हणजे अँटेनाच्या कमाल मापाच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी. १० गिगाहर्ट्झवर ३० सेंटिमीटरच्या अँटेनाला ६ मीटर लागतात. १५ सेंटिमीटरच्या अँटेनाला दीडच मीटर. माप निम्मे झाले की अंतर चतुर्थांश होते. २८ गिगाहर्ट्झवरच्या १० सेंटिमीटरच्या ॲरेला दोन मीटरच्या आत काम भागते. म्हणजे बहुतेक पॅच अँटेना आणि लहान ॲरेंसाठी ४ ते ५ मीटर लांबीचा कक्ष पुरतो, आणि त्याहून मोठ्या अँटेनांसाठी कक्ष वाढवण्यापेक्षा दुसरी सोय पाहणे शहाणपणाचे ठरते.

शोषक पिरॅमिडची उंची सर्वांत कमी वारंवारतेवर ठरते. ३० सेंटिमीटरचा पिरॅमिड १ गिगाहर्ट्झवर एका तरंगलांबीइतका होतो. त्याखाली त्याचे शोषण झपाट्याने ढासळते. पुरवठादार ‘५०० मेगाहर्ट्झपासून’ असे सांगत असेल तर त्या वारंवारतेवर किती डेसिबल, कोणत्या आपात कोनात, हे लेखी घ्यावे. किती शोषण पुरेसे आहे याचा हिशेब असा: खोलीतून परत येणारा तरंग मुख्य तरंगापेक्षा २० डेसिबलने क्षीण असेल तर मोजणीत जवळजवळ १ डेसिबलची चूक होते, ४० डेसिबलने क्षीण असेल तर चूक ०.१ डेसिबलवर येते. पण मुख्य शिखरापेक्षा ३० डेसिबल खाली असलेली उपशिखा (आलेखातले बाजूचे लहान शिखर) मोजताना खोलीचे परावर्तनही उणे ३० डेसिबल असेल, तर पडद्यावर दिसणारी उपशिखा अँटेनाची की भिंतीची हेच सांगता येत नाही. प्रबंधांत छापलेल्या पुष्कळ सुबक आलेखांच्या मुळाशी ही शंका घेण्यास जागा असते.

शोषक हा कार्बनयुक्त फोम असतो. त्याचे अग्निरोधक प्रमाणपत्र मागावे, टोके धक्क्याने तुटणार नाहीत अशी चालण्याची वाट राखावी, आणि उंदरांचा बंदोबस्त केबलच्या छिद्रांपासूनच करावा. हा फोम त्यांना फार आवडतो.

चेंबर परवडत नसेल तर दोन पर्याय आहेत. पहिला, टाइम डोमेनच्या पर्यायाने होणारे टाइम गेटिंग, म्हणजे उशिरा येणारी परावर्तने वगळणे: १ गिगाहर्ट्झचा पट्टा स्वीप केला तर सुमारे ३० सेंटिमीटरच्या पथफरकाचे परावर्तन वेगळे काढता येते, आणि मोठ्या रिकाम्या सभागृहाच्या मध्यभागी उंच स्टँडवर रुंदपट्टा अँटेना चांगल्या मोजता येतात. अरुंद पट्ट्याच्या अँटेनाला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. दुसरा, गच्चीवरची उंचावलेली रेंज. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात नाशिकची हवा कोरडी आणि सकाळी शांत असते, तेव्हा दोन इमारतींच्या गच्च्यांमध्ये मोठ्या अँटेनांची मोजणी करता येते. कोणत्याही पद्धतीत ज्ञात लाभाचे एक हॉर्न लागतेच. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय लाभाचा आकडा छापू नये. टर्नटेबल स्थानिक वर्कशॉपमध्ये स्टेपर मोटरवर बनवून घेता येते. अंबड-सातपूरमध्ये असे काम करणारे कारागीर आहेत आणि आयात टर्नटेबलचा आग्रह मला अनाठायी वाटतो. फक्त वरचा खांब लाकडाचा किंवा फायबरचा असावा.

संदेशवहनाची बाजू

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओमुळे (बहुतेक काम सॉफ्टवेअरने करणाऱ्या रेडिओमुळे) या भागातला खर्च पूर्वीच्या मानाने पुष्कळ उतरला आहे. नुसत्या ग्रहणासाठी आरटीएल-एसडीआर, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ॲडाल्म-प्लूटो आणि संशोधनासाठी यूएसआरपी अशी उतरंड योग्य आहे. यूएसआरपी बी२१० हा ७० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, कमाल ५६ मेगाहर्ट्झ पट्टारुंदी आणि दोन प्रेषक-दोन ग्राहक अशी सोय देतो. जीएनयू रेडिओ हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. दोनपेक्षा जास्त रेडिओ एकत्र चालवायचे असतील तर सर्वांना सामायिक १० मेगाहर्ट्झचा संदर्भ आणि सेकंदाला एक स्पंद देणारे, जीपीएसशी बांधलेले घड्याळ घ्यावे. त्याशिवाय मायमोचे प्रयोग कागदावरच राहतात.

साठवणुकीचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. सेकंदाला २ कोटी नमुने, प्रत्येक नमुना ४ बाइटचा, म्हणजे सेकंदाला ८० मेगाबाइट आणि तासाला २८८ गिगाबाइट. सिंहस्थाच्या पर्वणीचा एक पूर्ण दिवस कच्च्या स्वरूपात नोंदवायचा म्हटले तर सुमारे ७ टेराबाइट लागतात. म्हणून संगणक घेतानाच वेगवान एनव्हीएमई डिस्क आणि मागे मोठी साठवणूक, दोन्हींची तरतूद करावी, किंवा वर्णपट जागच्या जागी काढून तेवढाच साठवावा.

हवेत काही सोडण्यापूर्वी

ग्रहण आणि प्रेषण यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, ८६५ मेगाहर्ट्झच्या वरचा लोरासाठी वापरला जाणारा अरुंद पट्टा आणि ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे काही पट्टे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त आहेत. परवानामुक्त नसलेल्या पट्ट्यांत प्रेषण करायचे तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून प्रायोगिक परवाना घ्यावा लागतो. प्रेषण करू शकणारी उपकरणे आयात करताना लागणारी मंजुरी कोणी मिळवायची हे निविदेतच लिहावे. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर जवळ असल्याने नाशिकमध्ये ही काळजी कागदोपत्री नाही, प्रत्यक्षातली आहे. १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे जीपीएसच्या वारंवारतेवर, प्रयोग म्हणूनसुद्धा काही हवेत सोडू नये. प्रेषक आणि ग्राहक केबलने व ॲटेन्युएटरने जोडून बहुतेक प्रयोग हवेशिवाय होतात, आणि ते पुन्हा पुन्हा तसेच करता येतात हा वरचा फायदा.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. अतिक्षीण संकेत आणि मानवनिर्मित व्यत्यय यांचा सामना कसा करतात हे पाहायला विद्यार्थ्यांना तिथे अवश्य न्यावे. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते.

निर्मिती आणि गणन

एफआर-४ हे नेहमीचे सर्किट पटल २.४ गिगाहर्ट्झपर्यंत चालते. त्याची परावैद्युतता ४.४ गृहीत धरली जाते, पण ती खेपेगणिक बदलते आणि लॉस टँजंट (पदार्थात वाया जाणाऱ्या शक्तीचे माप) ०.०२ च्या आसपास असल्याने १० गिगाहर्ट्झवर त्यात शक्ती वाया जाते. वरच्या वारंवारतांसाठी कमी क्षयाची आरओ४००३सी किंवा आरटी ड्युरॉइड ५८८० ची पटले साठ्यात ठेवावीत. फेरिक क्लोराइडने खोदकाम करून मिळणारी रेषांची अचूकता मिलिमीटर तरंगांना पुरत नाही. मिलिंग यंत्र घ्यावे किंवा व्यावसायिक निर्मात्याकडून करून घ्यावे. विद्युतचुंबकी गणनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सीएसटी, एचएफएसएस किंवा फेको यांपैकी एकाचा शैक्षणिक परवाना पुरेसा आहे, जोडीला ओपनईएमएस आणि सायकिट-आरएफ ही मुक्त साधने शिकवावीत. परवान्याचे नूतनीकरण कोणत्या निधीतून होणार हे पहिल्याच वर्षी लिहून ठेवावे.

निविदा आणि स्वीकृती

दोन लिफाफ्यांच्या (एकात तांत्रिक तपशील, दुसऱ्यात किंमत) पद्धतीत तांत्रिक लिफाफाच सगळे ठरवतो, म्हणून तपशील एखाद्या कंपनीच्या पत्रकातून उतरवू नयेत. आपल्याला हवी असलेली मोजणी लिहावी: अमुक पट्ट्यात, अमुक बँडविड्थला, इतकी डायनॅमिक रेंज (मोजता येणाऱ्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान संकेतांतला फरक). कॅलिब्रेशन संच, केबल, टॉर्क रेंच, टाइम डोमेनचा परवाना आणि दोन वेळचे प्रशिक्षण हे सारे एकाच किमतीत समाविष्ट असावे. वॉरंटी माल पोहोचल्याच्या तारखेपासून नव्हे, तर बसवून स्वीकारल्याच्या तारखेपासून सुरू व्हावी. खोलीचे काम रखडल्याने वॉरंटीचे निम्मे वर्ष पेटीतच संपल्याची उदाहरणे कमी नाहीत. स्वीकृती चाचणी निविदेतच वर्णन करावी आणि शेवटचा हप्ता तिच्यावर अवलंबून ठेवावा. माझ्या मते एकूण निधीपैकी मोठ्या उपकरणांवर निम्म्याहून जास्त जाऊ नये. उरलेला निधी जोडण्या, खोली, कॅलिब्रेशन आणि पुढच्या पाच वर्षांची देखभाल यांसाठी लागतोच.

सगळे स्वतः घेण्याचीही गरज नाही. आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर देशातील संस्थांची उपकरणे शोधून वापरासाठी वेळ मागता येते. विद्युतचुंबकी व्यत्ययाच्या प्रमाणित चाचण्यांसाठी समीर (मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्सची सरकारी संशोधन संस्था) आणि पुण्याची एआरएआय (वाहन संशोधन संस्था) यांच्याकडे जावे. नाशिकच्या प्रयोगशाळेने त्याआधीची प्राथमिक चाचणी नीट करावी, म्हणजे उद्योजकाचा आणि विद्यार्थ्याचा तिथला एक दिवस वाचतो.

सांभाळणारा माणूस

उपकरणे डेडस्टॉक रजिस्टरवर चढली की काम संपले असे समजले जाते, प्रत्यक्षात तेव्हा ते सुरू होते. एका प्रयोगशाळा सहायकाला नाव घेऊन जबाबदारी द्यावी आणि त्याला कॅलिब्रेशन शिकवावे. पीएचडीचे विद्यार्थी येतात-जातात, तो राहतो. ॲनालायझर सकाळी चालू करून तासभर तापू द्यावा आणि मगच कॅलिब्रेशन करावे. दर सोमवारी तोच पडताळणी ॲटेन्युएटर आणि तीच विजोड लाइन मोजून तारीख, तापमान, आर्द्रता आणि मोजणाऱ्याचे नाव यांसह फाइल साठवावी. दोन-तीन महिन्यांच्या फाइली एकावर एक ठेवल्या की केबल झिजली, पोर्ट बिघडला किंवा भर पावसाळ्यात खोलीची आर्द्रता हाताबाहेर गेली, हे वार्षिक कॅलिब्रेशनची वाट न पाहता दिसू लागते, आणि एखाद्या परीक्षकाने मोजणीच्या अनिश्चिततेबद्दल विचारले तर उत्तरासाठी याच फाइली पुढे ठेवता येतात.